कॅल्क्युलेटरचं झाकण

निहार,
काल रात्री दोन वाजता तुझा दिवा चालू होता.
मागच्या अंगणात, कचऱ्याच्या निळ्या पिंपावर त्याचा चौकोन पडतो.
मीही जागाच होतो;
या वयात झोप म्हणजे हडर्सफील्डची रविवारची बस,
येते म्हणतात.

खाली मला सगळं ऐकू येतं.
येरझाऱ्या घालत तू सूत्रं म्हणतोस,
तिसऱ्या ओळीत अडखळतोस
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोस.
पहिल्यापासून नको, बाबा.
जिथे अडलास तिथूनच धर.
पहिल्या दोन ओळी तुला येतात,
त्यांची खुशामत कशाला?

दर मे महिन्यात मी त्या हॉलमध्ये उभा असतो,
रबरी तळव्यांचे बूट घालून, करकर होऊ नये म्हणून.
एरवीची व्यायामशाळा ती.
बास्केटबॉलची रिंग वर दुमडून बांधलेली,
खाली एकशे चाळीस बाकं, मधलं अंतर मी टेपनं मोजलेलं.
बाहेर चेस्टनट फुललेला, आत निम्म्यांची नाकं वाहतात.
ॲलर्जीची गोळी आत्तापासूनच घ्यायला लाग.
हे तुझ्या कुठल्याच पुस्तकात नसेल.

पेपर उलटायच्या आधीचे हात मी बघतो.
काही कोरडे, बाकावर निवांत.
काही फ्रिजमधून काढलेल्या पालकाच्या जुडीसारखे.
कोण झोपून आलंय ते हातांवरून कळतं.
ज्यांनी आठ रंगांत वही रंगवली
त्यांना पिवळा आठवतो,
पिवळ्याखालचं आठवत नाही.

एक कॅलम व्हिटेकर होता.
बसमध्ये धाकट्या बहिणीला ऑस्मॉसिस समजावत यायचा,
बटाट्याची काप, मीठ, पाणी कुठून कुठे जातं.
ती सात वर्षांची. का, का, का करून त्याला भंडावायची.
परीक्षेत त्यानं पेन उचललं
जसा आपण जेवताना चमचा उचलतो.

तेव्हा नुसतं वाचू नकोस, कुणाला तरी सांग.
कुणी नसेल तर जिना उतरून ये.
वीस वर्षं कराडला विज्ञान शिकवलं मी,
पण काही येत नसल्याचं सोंग घेईन.
बरंचसं सोंग नसेलही.

गेल्या वर्षी एका मुलीनं हात वर केला.
गेलो, वाकलो.
‘किती वाजले?’
घड्याळ तिच्या समोरच, ताटाएवढं.
दहा चाळीस, मी म्हणालो.
याहून जास्त बोलायची आम्हाला मुभा नाही.
तिला कुणाचा तरी आवाज हवा होता,
हे मला रात्री भांडी घासताना कळलं.

आईशी बोलत जा, निहार.
तिला मोल म्हणजे काय ते माहीत नाही,
पण जेवताना वही मिटून बस तिच्यासमोर.

आता माझं ऐक, हसू नकोस.
बारावीला मी चार रात्री जागलो, चहावर.
पाचव्या सकाळी कळलं
की माझा नंबर नदीपलीकडच्या शाळेत आलाय.
हॉल तिकीट तीन आठवडे खिशात होतं, वाचलंच नव्हतं.
सायकल दामटत पोचलो, अर्धा तास उशिरा.
भिंगांचा अख्खा प्रश्न सुटला.
अजून चष्म्याचा नंबर बदलला की तो आठवतो.

सोमवारी मी तुझ्या हॉलमध्ये नसेन.
ओळखीच्या मुलावर देखरेख करता येत नाही,
मी तसं लिहून दिलंय.
मला वरच्या मजल्यावर बसवतील,
जादा वेळ मिळणाऱ्या दोघा-तिघांबरोबर.

म्हणून रविवारीच सांगून टाकतो.
चार वाजता पुस्तक मीट.
कालव्याकाठी लॉकपर्यंत जाऊन ये, फोन घरी ठेवून.
काळी पेनं दोन, पारदर्शक पाऊचमध्ये.
पाण्याच्या बाटलीचं लेबल आजच सोलून ठेव,
सकाळी नखं थरथरतात.
आणि कॅल्क्युलेटरचं झाकण काढ.
ते आत नेता येत नाही, आणि तुम्ही पोरं ते हमखास हरवता.
झोपायच्या आधी माझ्या दाराच्या फटीतून आत टाक.

टक् असा आवाज येईल.
मग मीही दिवा मालवेन.